गाडीची उंची : स्प्रिंग, शॉकअप आणि दोन सेंटिमीटरचा हिशेब

घरातील पाच माणसे आणि डिकीत सामान घेऊन निघालेली गाडी सोसायटीच्या फाटकाजवळच्या गतिरोधकावर खालून घासते. तो आवाज ऐकला की, गाडीची उंची वाढवून घ्यावी हा विचार बहुतेक मालकांच्या मनात येतो. दुसरीकडे, गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी म्हणून तीच उंची कमी करून घेणारा तरुण वर्गही शहरांत आहे. दोघांच्या मागण्या परस्परविरुद्ध असल्या, तरी दोघे एकाच दुकानाची पायरी चढतात. तेथे जाड रबराच्या बफरपासून आटे पाडलेल्या आयात कॉइलओव्हरपर्यंत सर्व काही मिळते. काम अर्ध्या दिवसात उरकते. मात्र त्यातून गाडीच्या वर्तनात झालेला बदल ती गाडी विकेपर्यंत आपली सोबत करतो.

गाडीची उंची ही स्वतंत्रपणे फिरवता येणारी कळ नव्हे, हे या विषयात प्रथम ध्यानात घ्यायला हवे. स्प्रिंगची ताकद, शॉकअ‍ॅब्सॉर्बरची लांबी, चाकाला वर-खाली होण्यासाठी ठेवलेली जागा, चाकांचे कोन, ब्रेक आणि दिव्यांची दिशा यांचा निर्मात्याने एकत्रित हिशेब मांडलेला असतो. उंची हे त्या हिशेबाचे उत्तर आहे. उत्तर बदलायचे असेल, तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

कोणती उंची?

बोलताना आपण दोन वेगळ्या मापांची गल्लत करतो. जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. चाकाचा मध्यबिंदू आणि त्याच्या वरची मडगार्डची कमान यांतील अंतर म्हणजे गाडीच्या बैठकीची उंची, अर्थात राइड हाइट. मोठे टायर बसवले तर पहिले माप वाढते, दुसरे तेच राहते. स्प्रिंग बदलल्या तर बैठकीची उंची बदलते आणि तिच्याबरोबर ग्राउंड क्लिअरन्सही.

शिवाय, हे माप रिकाम्या गाडीचे की भरलेल्या, हा प्रश्न उरतोच. तो किरकोळ नाही. वस्तू व सेवा कराच्या आकारणीत मोठ्या गाड्यांसाठी १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची अट आहे. हे माप रिकाम्या गाडीचेच धरावे, असे स्पष्टीकरण वस्तू व सेवा कर परिषदेला जुलै २०२३ मध्ये करावे लागले. माहितीपत्रकातील आकडा आणि पाच माणसे बसल्यानंतरची वस्तुस्थिती यांत काही सेंटिमीटरचे अंतर सहज पडते.

दोष गाडीचा की गतिरोधकाचा?

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार, ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडायचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर आली, की तिची चारही चाके त्या उंचवट्यावरच असतात. साध्या भूमितीने पाहिले तर दोन चाकांच्या दरम्यान उंचवटा जेमतेम साडेचार ते पावणेपाच सेंटिमीटर वर येतो. १६ किंवा १७ सेंटिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची गाडी तेथे घासण्याचे कारण नाही.

प्रत्यक्षात गल्लीबोळांत आढळतात ते अर्धा-पाऊण मीटर रुंदीचे, उभट कडांचे आणि कधी १५ सेंटिमीटरपर्यंत चढवलेले डांबराचे बांध. तेथे पुढची चाके उतरलेली आणि मागची अजून चढायची असतात, आणि अख्खा बांध गाडीच्या पोटाखाली येतो. त्यात चालक ऐन बांधावर ब्रेक दाबतो. ब्रेक दाबताच गाडी पुढून खाली झुकते आणि मेकॅनिक ज्याला ‘चेंबर’ म्हणतात ती इंजिन ऑइलची टाकी नेमकी त्याच क्षणी खाली येते. ब्रेक बांधापूर्वी लावून, चाक चढताना तो सोडून द्यावा. या सवयीसाठी एक रुपयाही खर्च येत नाही, आणि पुढून घासण्याच्या पुष्कळ तक्रारी तेवढ्यानेच थांबतात.

भार कोण पेलतो?

‘उंची वाढवायची आहे, चांगले शॉकअप टाका,’ असे वाक्य गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. ते मुळातच चुकीच्या समजुतीवर उभे आहे. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यातून बाहेर आल्यावर ती स्प्रिंग पुन:पुन्हा उसळत राहू नये, यासाठी तिच्या हालचालीला तेलाच्या साह्याने आवर घालण्याचे काम शॉकअ‍ॅब्सॉर्बर करतो. गाडी उभी असताना साधा शॉकअ‍ॅब्सॉर्बर तिला वर उचलून धरत नाही. त्यात दाबाखालील नायट्रोजन वायू असेल, तर दांडा बाहेर ढकलला जाऊन काही मिलिमीटरचा फरक पडतो, एवढेच. महागड्या ‘अ‍ॅडजस्टेबल’ शॉकअ‍ॅब्सॉर्बरवरील फिरवायची कळही बहुधा हालचालीला होणारा विरोध कमी-अधिक करते. उंचीशी तिचा संबंध नसतो.

उंचीचे गणित सोपे आहे. समजा, स्प्रिंग चाकाच्या सरळ वर आहे आणि ती एक मिलिमीटर दबण्यासाठी दोन किलो भार लागतो. तिच्यावर तीनशे किलो भार आला, तर ती १५० मिलिमीटर दबेल. मागच्या आसनावर तीन माणसे आणि डिकीत सामान आल्यामुळे मागच्या प्रत्येक चाकावर साठ किलो भार वाढला, तर गाडी मागून तीन सेंटिमीटर खाली बसेल. म्हणजे गाडी मागून बसण्याचे कारण शॉकअ‍ॅब्सॉर्बर नव्हे. भार आणि स्प्रिंग यांचे ते प्रमाण आहे.

दुसरे गणित चाकाच्या प्रवासाचे. समजा, उभ्या स्थितीतून चाकाला वर जाण्यास आठ आणि खाली उतरण्यास नऊ सेंटिमीटर जागा आहे. उंच स्प्रिंगने गाडी तीन सेंटिमीटर वर आली, तरी एकूण सतरा सेंटिमीटर तेच राहतात. कारण दोन्ही टोकांच्या मर्यादा शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि रबरी ठोकळ्यांनी ठरवलेल्या असतात. आता वर अकरा आणि खाली सहा अशी वाटणी होते. चाक खड्ड्यात उतरले, की शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा दांडा लवकर पूर्ण बाहेर येऊन टोकाला धडकतो. गाडी खाली घेतली तर उलट घडते. चाकाला वर जायला जागा उरत नाही, आणि प्रत्येक खड्डा थेट रबरी ठोकळ्यावर, तेथून गाडीच्या सांगाड्यावर आणि अखेर प्रवाशाच्या पाठीवर आदळतो.

उंची वाढवण्याचे मार्ग

सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये बसवायचा रबरी किंवा पॉलियुरेथेनचा बफर. तो बसला की दोन वेढ्यांतील फट दाबली जाणे जवळपास थांबते, स्प्रिंग तेवढी ताठ होते आणि गाडी साधारण एक-दोन सेंटिमीटर वर येते. मागे कायम जास्त भार असणाऱ्या गाडीला त्याचा काही उपयोग होतो. परंतु बफर अडकवलेल्या जागी ताण एकवटतो, उरलेल्या वेढ्यांना जास्त काम करावे लागते आणि रिकामी गाडी कडक चालते. फक्त मागच्या बाजूस बफर लावले, तर वळणावर मागच्या चाकांची पकड पुढच्यांच्या तुलनेत कमी होण्याची शक्यता असते. ओल्या रस्त्यावर हे विसरून चालणार नाही.

दुसरा मार्ग स्पेसरचा. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट ही रचना असते. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांनी १९४०च्या दशकात विकसित केलेल्या या रचनेत स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबात सामावलेले असतात. या खांबाच्या डोक्यावर, गाडीच्या पत्र्याला तो जोडला जातो तेथे, धातूची किंवा नायलॉनची चकती घातली की गाडी जवळपास चकतीच्या जाडीइतकी वर येते. स्प्रिंग तीच राहिल्याने बसण्यातील आराम फारसा बदलत नाही. मात्र चाक हवेत लटकल्यावर पूर्वीपेक्षा तेवढेच जास्त खाली उतरते. पुढच्या चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचे सांधे आणि बॉलजॉइंट त्या वाढीव कोनासाठी घडवलेले नसतात. सांध्यावरचे रबरी आवरण फाटले, की ग्रीस बाहेर पडते, धूळ आत शिरते आणि वळताना ‘कटकट’ असा आवाज येऊ लागतो.

तिसरा आणि तुलनेने शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या उंच किंवा जास्त ताकदीच्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअ‍ॅब्सॉर्बर यांचा पूर्ण संच. एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ वेढे असलेल्या स्प्रिंग आधी मऊ आणि भार वाढेल तशा ताठ होत जातात. रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही अवस्थांत गाडी वापरणाऱ्यांना त्या सोयीच्या ठरतात.

मोठ्या टायरचा विचारही अनेक जण करतात. टायरचा व्यास दोन सेंटिमीटरने वाढला तर उंची एकच सेंटिमीटरने वाढते. पण स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या अस्तराला घासू शकतो.

उंची कमी करताना

उंची कमी करण्याची सर्वांत घातक पद्धत म्हणजे स्प्रिंग कापणे. सहा वेढे काम करणाऱ्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, तर ती आखूड होते आणि त्याचबरोबर सुमारे वीस टक्के ताठही होते. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. खड्ड्यात चाक लटकले, की आखूड स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवणे हे त्याहून वाईट. कारण पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते आणि स्प्रिंगचा भरवसा संपतो.

तयार ‘लोअरिंग स्प्रिंग’ आखूड असतात आणि मुद्दाम ताठ केलेल्या असतात, कारण उरलेल्या थोड्या जागेत चाकाला थांबवायचे असते. स्प्रिंग वीस टक्के ताठ झाली, तर तिला तितक्याच प्रमाणात आवर घालण्यासाठी शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा विरोधही साधारण दहा टक्क्यांनी वाढावा लागतो. जुना शॉकअ‍ॅब्सॉर्बर तसाच ठेवून फक्त स्प्रिंग बदलणाऱ्यांची गाडी महामार्गावरील लाटांवर उसळत राहते, ती यामुळे.

कॉइलओव्हर हा या क्षेत्रातील प्रतिष्ठेचा प्रकार. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंगची खालची बैठक त्यावर फिरवून वर-खाली करता येते. ही बैठक वर फिरवली की स्प्रिंग ताठ होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगची ताकद बदलत नाही, फक्त गाडी वर येते. ज्या संचात शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा तळचा भाग स्वतंत्रपणे फिरवून त्याची एकूण लांबी बदलता येते, तेथे चाकाच्या प्रवासाची वाटणी फारशी न बिघडवता उंची ठरवता येते. अर्थात, तो संच महागही असतो. शिवाय आपल्याकडील पावसाळा, चिखल आणि धूळ यांत या उघड्या आट्यांची निगा राखावी लागते. अन्यथा ते गंजून जाम होतात आणि ‘अ‍ॅडजस्टेबल’ हे विशेषण नावापुरते उरते.

न दिसणारे परिणाम

उंचीबरोबर चाकांचे कोन बदलतात. सामान्यत: गाडी खाली आली तर चाके वरच्या बाजूने आत झुकतात, पुढच्या चाकांची परस्परांशी असलेली समांतरताही ढळते. परिणामी टायर एका कडेने झिजतात. उंची बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करणे हा ऐच्छिक सोपस्कार नाही. तो त्या कामाचाच भाग आहे.

दिव्यांचा हिशेब तर फारच थोडे जण करतात. अडीच मीटर लांब चाकतळाची गाडी फक्त पुढून तीन सेंटिमीटर उचलली, तर दिव्याचा झोत पन्नास मीटर अंतरावर सुमारे साठ सेंटिमीटर वर जातो. डिपचा झोत शंभर मीटरमागे साधारण एक मीटर किंवा किंचित अधिक उतरता ठेवलेला असतो. म्हणजे ती सारी उतरण संपते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश पडतो. मागून बसलेली गाडीही नेमके हेच करते. डॅशबोर्डवरील दिव्यांची पातळी बदलणारी छोटी चकती याचसाठी दिलेली असते.

ब्रेकचा संबंधही लक्षात घ्यावा. अनेक जुन्या मोटारींत आणि व्हॅनमध्ये मागच्या धुरीला एक दांडी जोडलेली असते. गाडी मागून किती दबली यावरून ती भार ओळखते आणि मागच्या ब्रेकला मिळणारा दाब ठरवते. बफर लावून मागचा भाग वर उचलला, की भरलेली गाडीही तिला रिकामी वाटते आणि मागच्या ब्रेकचा दाब गरजेपेक्षा कमी राहतो. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाल्यानंतर हे काम बहुधा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. परंतु तीही मूळ बैठक गृहीत धरूनच जुळवलेली असते.

सर्वांत गंभीर मुद्दा गाडी उलटण्याचा. दोन चाकांमधील आडव्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, या गुणोत्तरावर गाडीचे स्थैर्य मोजतात. दीड मीटर आडवे अंतर आणि ५५ सेंटिमीटर उंचीवरील गुरुत्वमध्य असलेल्या गाडीचे हे गुणोत्तर १.३६ येते. ती तीन सेंटिमीटर उचलली, तर ते १.२९ होते. पाच टक्क्यांची ही घट रोजच्या वाहतुकीत जाणवणार नाही. समोर अचानक आलेल्या दुचाकीला चुकवताना मात्र ती निर्णायक ठरू शकते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ निश्चित केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. झिजलेल्या स्प्रिंगच्या जागी मूळ मापाची नवी स्प्रिंग बसवणे ही दुरुस्ती आहे. मूळ मापापासून दूर जाणारा कोणताही संच बसवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात वादाचा मुद्दा ठरू शकतो.

आधी मोजा

मग उंची कधीच बदलू नये काय? तसे नाही. पण आधी मोजावे. सपाट फरशीवर रिकामी गाडी उभी करून चारही टायरमधील हवा योग्य ठेवावी. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून सोडावी आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. उजव्या-डाव्या मापांत एक सेंटिमीटरहून अधिक फरक असेल किंवा त्याच मॉडेलच्या नव्या गाडीपेक्षा माप बरेच कमी भरत असेल, तर स्प्रिंग थकली आहे अथवा तुटली आहे. अशा गाडीला बफरची गरज नाही. मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग, तेल गळत असल्यास नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि झिजलेले रबरी बुश एवढ्यानेच ती पूर्वीच्या उंचीवर येते. स्प्रिंग नेहमी जोडीने बदलाव्यात. मापे बरोबर असूनही कायम पूर्ण भारामुळे गाडी घासत असेल, तरच वाढीव ताकदीच्या संचाचा विचार करावा, आणि तोही कायद्याच्या व निर्मात्याने दिलेल्या भारमर्यादेच्या आत.

हे काम घरच्या जॅकवर करण्याचे नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती जीवघेणी ठरू शकते. त्यासाठी योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेले गॅरेजच गाठावे. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना नव्हे, तर चाकांवर उभी राहिल्यावर शेवटचे आवळले जात आहेत ना, हे विचारावे. अन्यथा बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतात. काम संपल्यावर अलाइनमेंट आणि दिव्यांची पातळी तपासून घ्यावी, तसेच पुन्हा चारही मापे लिहून घ्यावीत.

या कामाचे मोल दुकानातील दरपत्रकावरून ठरवू नये. गाडी घासली तर पत्र्याला ओरखडा पडतो किंवा चेंबर फुटतो. दोन्ही पैसे मोजून दुरुस्त होतात. ताशी ऐंशीच्या वेगाने वळण घेताना गाडी कशी वागेल, याचा भरवसा मात्र एकदा गेला की विकत मिळत नाही. म्हणून गाडी पुन्हा कुठे घासलीच, तर बफरची चौकशी करण्यापूर्वी हातात टेप घ्यावी.